गाडीत मावलेला देश

शैला, रविवारी तुझ्यासाठी आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा एकामागून एक माणसं उठून सांगत होती की तू सगळ्यांना प्रेमाने जेवू घालायचीस. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं मी रडतेय. मला हसू येत होतं. प्रेमाने कसलं गं, दमदाटी करून घालायचीस. भारतातून नुकत्याच आलेल्या पोरांना तर तू भिंतीला टेकवून पोळ्या वाढल्यास. त्यातलाच एकजण आता टक्कल पडलेला डायरेक्टर झालाय, तो माइकवर बोलता बोलता हुंदके द्यायला लागला, आणि मला आठवलं की हाच तुझ्याकडे यायच्या आधी दुपारचं जेवण स्किप करायचा.

तुझी लेक इरा मलाही म्हणाली होती, "वसूमावशी, यू शुड से समथिंग." मी नाही म्हटलं. नागपूर, कॉलेज, पहिली नोकरी, व्हिसा, अमेरिकेतलं हे हर्नडन, हे सगळं तिने स्लाइड्सवर छान लावलं होतं. त्यात माझी भर कशाला? मला लिटाबद्दल बोलायचं होतं, आणि ते हॉलमधल्या लोकांशी नाही, तुझ्याशी. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू मध्येच उठून गेलीस. हे तुला शोभलं नाही.

तुला आठवतंय, त्या उन्हाळ्यात इथून जवळच्या शहरात ते मोठे आंतरराष्ट्रीय खेळ भरले होते. पळणं, पोहणं, वजन उचलणं, सगळंच. तू नुकतीच रिटायर झाली होतीस आणि घरात पडदे धुऊन धुऊन विटवले होतेस. एके दिवशी फोन केलास, "वसू, आपण व्हॉलंटियर होऊन राहिलोय. मी तुझंही नाव दिलं." मला विचारायची पद्धत तुझ्याकडे नव्हतीच. प्रत्येक लहान देशाच्या टीमला दोन स्थानिक माणसं देणार होते, ने-आण करायला, औषधाचं दुकान दाखवायला, हवं-नको बघायला. तुला भारत हवा होता. तू साडी कुठली नेसायची तेसुद्धा ठरवलं होतंस. भारताला अर्थातच मोठी कमिटी होती. तुला मिळाला पॅसिफिक समुद्रातला एक ठिपका.

त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तूच म्हणायचीस की नाव सांगितलं की लोक फोन काढून नकाशात बोटं फिरवत बसतात आणि माणसांबद्दल विचारायचं राहून जातं. विमानतळावर आपण पाटी धरून उभ्या होतो. मला वाटलं होतं बस लागेल. बाहेर आले चारजण. एक पळणारा मुलगा, एक पोहणारा मुलगा, वजन उचलणारी लिटा, आणि तिचा मामा. मामा हा कोच, मॅनेजर, झेंडा सांभाळणारा आणि मालिशवाला, सगळं एकटाच. सख्खा मामा, तिच्या आईचा भाऊ, म्हणून आपणही त्याला मामाच म्हणायला लागलो. बॅगा भरून झाल्यावर तू मिनीव्हॅनचं दार ओढून लावलंस आणि मला मराठीत म्हणालीस, "बघ, अख्खा देश माझ्या गाडीत मावला." त्यानंतर भारताचं नाव तू काढलं नाहीस.

उद्घाटनाच्या संचलनात मोठ्या देशांची माणसं संपता संपत नव्हती. आपले तिघं आणि मामा झेंड्यामागे आले आणि बघता बघता गेलेसुद्धा. तेवढ्यात तू दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारलीस की पुढच्या रांगेतल्या बाईच्या हातचं पॉपकॉर्न सांडलं. साठीची बाई, गळ्यात मंगळसूत्र, आणि ही शिट्टी. मी जरा सरकून बसले होते, तू ते पाहिलंस आणि मुद्दाम दुसरी मारलीस. लिटाने वळून वर पाहिलं होतं. तिथूनच ती तुझी झाली.

पुढे काय झालं ते मी नीट क्रमाने सांगते, कारण तू सांगताना नेहमी स्वतःला फाशी देऊनच सुरुवात करायचीस.

लिटाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मामाला पोहण्याच्या तलावावर थांबणं भाग होतं. एकच माणूस, तीन खेळ. त्याने फोन करून तुला सांगितलं, लिटाला तुमच्या घरी न्या, तिथे शांत झोपू दे, आणि लाइट लंच द्या. तू म्हणालीस, काही काळजी करू नका. आता नागपूरच्या बाईला लाइट लंच म्हणजे काय वाटावं? तू पुऱ्या जरा लहान लाटल्यास. बाकी वरण, भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, तळलेले पापड, आणि ग्रीक योगर्टचं श्रीखंड, केशर घातलेलं. मी दारातच म्हटलं, "अगं, हे लाइट?" तर तू म्हणालीस, "पनीर कुठे केलंय मी?"

लिटा जेवली. पहिलं वाढलेलं संपवलं आणि ताटावर हात आडवा धरला. हसून मान हलवली. तू पुरी हाताच्या बाजूने सरकवलीस. ती खाल्ली. पुन्हा हात. तू श्रीखंडाचा डाव घेऊन उभीच. मी म्हटलं, "शैला, पुरे. ती नको म्हणतेय." तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मी विसरणार नाही. "लाजून राहिली बिचारी. तुला दिसत नाही का? तू पुण्याची, तुला नाही कळायचं." पुण्याचं म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून मी गप्प बसले. डाव रिकामा झाला. लिटाने वाटी अगदी बोटाने पुसून खाल्ली आणि तुझ्या सोफ्यावर संध्याकाळपर्यंत घोरत पडली. तू तिच्या अंगावर शाल घातलीस. किती खूश होतीस तू त्या दुपारी.

संध्याकाळी मामाने तिला काट्यावर उभं केलं आणि तुला फोन केला. वजन उचलणाऱ्यांचे गट त्यांच्या स्वतःच्या वजनावरून ठरतात, हे तुला माहीत होतं, पण ते ऐन स्पर्धेच्या सकाळी काट्यावर बघतात हे तेव्हा कळलं. सकाळी अधिकाऱ्यांसमोर वजन होणार. गटाच्या मर्यादेच्या वर भरली की संपलं, खेळताच येत नाही. आणि लिटा मर्यादेच्या चांगलीच वर गेली होती. मामा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, आमच्याकडून वजन उचलायला आलेली ती पहिली मुलगी आहे, सगळं बेट रेडिओ लावून बसणार आहे. तू फोन ठेवलास आणि किचनमध्ये फरशीवरच बसलीस. "वसू, मी काय करून बसले गं. तिला उचलूच देणार नाहीत." त्याआधी तुला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण सकाळी तू उठलीस ती कंबर कसूनच. ऑगस्टमधलं व्हर्जिनियाचं ऊन, घामाने सकाळीच जीव नकोसा, आणि तू लिटाला तुझा बर्फातला कोट, इराची स्कीइंगची पँट आणि दोन टोप्या घालून गाडीत मागे बसवलंस. काचा वर. हीटर फुल. पुढे मामा, मागे लिटाशेजारी मी. घाम काढायची ही रीत मामाला ठाऊक होती, त्याने मान डोलावली, मागे वळून तिच्या मनगटावर बोट ठेवून मध्येमध्ये नाडी बघत राहिला. चिंचेच्या गोळ्या मात्र खास तुझी भर. पर्समधून पुडी काढलीस आणि म्हणालीस, चघळ आणि थुंक, गिळू नकोस, तेवढंच वजन उतरेल. लिटाने तोंड असं वेडंवाकडं केलं की त्या भट्टीतही मला हसू फुटलं. कागदी कप भरत होता आणि तू स्टेडियमच्या पार्किंगला चकरा मारत होतीस.

तिसऱ्या-चौथ्या चकरेला सिक्युरिटीवाल्याने अडवलं. काच खाली केल्यावर आतली वाफ त्याच्या तोंडावर आली. तो म्हणाला, मॅम, तुमचा एसी बिघडलाय का? तू अगदी शांतपणे म्हणालीस, नो सर, हीटर इज वर्किंग व्हेरी वेल. मग त्याला सगळी कथा सांगितलीस, पुऱ्यांसकट. त्याने लिटाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि आपल्या गाडीसमोरचा कोन उचलून सावलीतला रस्ता मोकळा करून दिला. माझा रेशमी ब्लाउज त्या दिवशी कायमचा गेला, ते मी तुला कधी ऐकवलं नाही. आता ऐकवते.

वजनाची खोली बायकांसाठी वेगळी होती. तासाभराची मुदत, त्यात कितीही वेळा काट्यावर चढता येतं. पहिल्या खेपेला ती थोडक्यात वरच भरली. पुन्हा गाडी, पुन्हा कोट, पुन्हा चिंच. दुसऱ्यांदा ती आत गेली तेव्हा आपण कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या होतो. मुदत संपत आली आणि लिटा बाहेर आली. तिने फक्त दोन्ही भुवया वर केल्या. तू मटकन खाली बसून रडायला लागलीस, तुला वाटलं गेलं सगळं. मामा हसायला लागला. त्यांच्याकडे भुवया वर करणं म्हणजे हो. हे कळल्यावर तू आणखी जोरात रडलीस.

मग स्पर्धा. एका दमात बार डोक्यावर न्यायचा तो पहिला प्रकार, त्यात तीन संधी. तिन्ही हुकल्या की निकालात आकडाच येत नाही. लिटाची पहिली हुकली. दुसरीला बार मागे पडला. तू माझ्या खांद्यात तोंड खुपसलंस आणि म्हणालीस, "मला नाही बघवत, तू सांग." मी सांगितलं. सांगितलं की ती आली, तिने हाताला पावडर लावली, वाकली, आता उचलतेय, पाय थरथरतायत, शैला, पाय फार थरथरतायत, उभी राहिली. उभी राहिली बघ. तू वर बघेपर्यंत पंचांचे दिवे पांढरे झाले होते, म्हणजे मान्य. दुसऱ्या प्रकारात तिने दोनदा उचललं. शेवटी निकाल लागला तेव्हा ती गटात शेवटची आली होती, पण नावापुढे आकडा होता, आणि मामा तो आकडा फोनवर घरच्यांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता.

आपलं भांडण इथून सुरू झालं. घरी ती सरावात याहून जास्त उचलायची, हे मामा बोलता बोलता म्हणून गेला, आणि ते वाक्य तू पदरात बांधून घेतलंस. माझ्या आग्रहापायी ती शेवटची आली, ही तुझी बाजू. तशीही ती शेवटचीच आली असती, ही माझी. त्यावर तू माझ्यावर आणखी चिडायचीस, "शेवटची म्हणायला तुझी जीभ कशी उचलते?" अगं, मी तुझी समजूत घालत होते. पण समजूत घालणं मला जमत नाही, मी घातली की समोरच्याला रडू येतं. मी म्हणायचे, सरळ तिलाच विचार ना, दिवाळीला मेसेज करतेसच. तू म्हणायचीस, "कोणत्या तोंडाने विचारू?" आणि मी विचारते म्हटलं तेव्हा लगेच शपथ घातलीस.

ती गोष्ट आपल्या सगळ्या ग्रुपमध्ये हसत हसत सांगितली जायची. हीटर, सिक्युरिटीवाला, चिंच. तू तेवढ्यापुरती चहा टाकायला उठायचीस. आणि कोणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, माझ्या आलं. त्या उन्हाळ्यानंतर तू आग्रह करणं सोडलंस. एकदा विचारायचीस, नको म्हटलं की "बरं" म्हणून भांडं खाली ठेवायचीस. माझ्यासारखं. वर्षानुवर्षं मी तुझ्या त्या वाढण्यावर टोमणे मारले, आणि तू थांबलीस तेव्हा तुझ्या घरून अर्धपोटी परत यायला लागले. त्या टेबलावर बसून हळूच दुसऱ्यांदा मागून घ्यायची मला लाज वाटायची. तू कोणीतरी दुसरीच बाई झाल्यासारखी वाटायचीस, आणि ते मला अजिबात आवडलं नव्हतं.

कारण तुझ्या आग्रहावर मी जगलेय, शैला. त्या उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी अरविंद गेला, नवऱ्यावाचून घर खायला उठलं, तेव्हा मी दार उघडायला तयार नव्हते. मी दार किलकिलं करून सांगितलं, काही नको, भूक नाही, जा. तू गेली नाहीस. आत आलीस, मुगाची खिचडी गरम केलीस, तूप घातलंस आणि ताट माझ्या पुढ्यात ठेवलंस. मी म्हटलं नको, तू म्हणालीस एक घास. मी म्हटलं नको, तू म्हणालीस बरं, अर्धा. असं करत करत तू मला त्या वर्षातून बाहेर काढलंस. माझा लेक सिएटलहून रोज फोन करायचा, "आई, इफ यू नीड एनीथिंग, जस्ट टेल मी." मला काय हवंय ते मलाच कळत नव्हतं, तर सांगणार काय? तू विचारायचीस, उत्तर ऐकायचीस आणि त्या उत्तराकडे साफ दुर्लक्ष करायचीस. तुझे उपकार मानायचे तर एवढ्यासाठीच मानीन. तू असताना मानले असते तर तू म्हणाली असतीस, "काय बोलून राहिली बाप्पा, खा मुकाट्याने."

तू गेल्याचं लिटाला मीच कळवलं. तिने मेसेजला उत्तर दिलं नाही, सरळ फोन केला. मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि लोखंडाचे आवाज येत होते, ती आता तिथल्या मुलींना शिकवते. खूप रडली. आणि मग मी विचारलं. माणूस गेल्यावर त्याची शपथ चालते का ते मला माहीत नाही. चालत असेल तर त्याचं काय व्हायचं ते माझं होईल.

मी विचारलं, लिटा, त्या दिवशी जेवणामुळे तुझं नुकसान झालं का? शैला शेवटपर्यंत तेच मनात घेऊन होती. लिटा म्हणाली, आँटी, मी किती महिने मोजून आणि उकडून खात होते. माझं वजन मला काट्यावर न चढता कळतं. प्रत्येक पुरी खाताना मला माहीत होतं सकाळी काय होणार. उद्या वजन आहे एवढं म्हटलं असतं तरी त्या थांबल्या असत्या. मी मुद्दाम म्हटलं नाही. मी विचारलं, मग हात का धरत होतीस ताटावर? तर म्हणाली, आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर घेत नाहीत, आईने तसंच शिकवलं होतं. आई गेल्यावर मला पुन्हा पुन्हा विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मी नको म्हणत होते आणि दर वेळी भीती वाटत होती, या वेळी त्या माझं खरं मानतील आणि वाटी परत नेतील.

ऐकलंस? तुझं बरोबर होतं. ती लाजत होती. मी पुण्याची, मला नाही कळलं. भांडण तू जिंकलीस, पूर्णपणे, आणि इतकी वर्षं तू ज्याची शिक्षा भोगलीस ते तुझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. तुला हे फोनवर ऐकवता आलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी सगळ्या हर्नडनला जेवायला बोलावलं असतंस.

काल तुझ्या तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. इरा स्वतः वाढत होती, ऑफिसचे कपडे, कमरेला ओढणी खोचलेली. जिलबी घेऊन माझ्यापाशी आली. मी ताटावर हात आडवा धरून नको म्हटलं. ती "ओके मावशी" म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. तिचं काही चुकलं नाही, इथे वाढलेली मुलगी आहे, माणसाच्या शब्दाला मान देते. मग मी तिला हाक मारली, "इरा, मागे ये. मला पुन्हा विचार." ती गोंधळून थांबली, तिचे डोळे भरून आले, आणि काही न विचारता तिने दोन जिलब्या माझ्या ताटात टाकल्या.